शून्याखालचा एक

सत्ता म्हणून जी वस्तू जगात आहे तिचा स्पर्श आम्हांस आयुष्यात एकदाच झाला, आणि तोही एका पत्र्याच्या पेटीच्या रूपाने. इंदुरातील एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीत, तळघराच्या जिन्याखालच्या खोलीत ही पेटी बसविलेली होती. तिला चोवीस दारे होती, आणि प्रत्येक दारावर एक हिरवा दिवा अखंड लुकलुकत असे. या पेटीस स्विच म्हणतात. ज्या स्विचने आपण पंखा लावतो त्याच्याशी हिचे नात्यागोत्याचे काही नाही. हिचे काम टपालखात्यातील बटवड्याचे. संगणक, दूरध्वनी, तपासणीची यंत्रे यांजकडून जी लहानलहान पाकिटे येतात त्यांवरचा पत्ता वाचून ती योग्य दाराने बाहेर सोडावयाची, एवढेच तिला ठाऊक. पाकिटात काय आहे हे ती पाहत नाही. या निर्विकारपणाबद्दल आम्हांस तिच्याविषयी बरीच वर्षे आदर वाटत आला होता. तो आदर आमच्याच हातून कसा मोडला, त्याची ही हकिगत आहे.

रुग्णालयाच्या इमारती दोन, आणि मध्ये वाहता रस्ता. जुन्या इमारतीत अतिदक्षता विभाग, संगणकांचे कोठार आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी तार. नव्या इमारतीत क्ष-किरण व सीटी स्कॅनचा विभाग, रक्तपेढी आणि प्रसूतिकक्ष. दोहोंना जोडणारी वाट एकच, आणि तिची रुंदी सेकंदाला दहा कोटी बिटांची. ऐकणाऱ्यास हा आकडा राजेशाही वाटेल. परंतु इमारतीच्या आतली प्रत्येक वाट सेकंदाला शंभर कोटींची होती. आत दहापदरी रस्ता आणि बाहेर पडावयास एक बोळ, अशी ही रचना. दिवसा ती कशीबशी चाले. रात्री, स्कॅनच्या चित्रांच्या थप्प्या जुन्या इमारतीतील कोठाराकडे निघाल्या म्हणजे बोळाच्या तोंडाशी गर्दी होई. स्विचच्या पोटात थांबलेल्यांसाठी थोडीशी जागा असते. ती भरली की मागून आलेले पाकीट स्विच टाकून देतो. रागाने नव्हे, जागा नाही म्हणून. चित्राचे पाकीट हरवले तर पाठविणारा संगणक ते पुन्हा पाठवितो आणि चित्र दोन क्षण उशिरा पण अखंड पोचते. आवाजाचे तसे नाही. बोलणाऱ्याचा शब्द एकदा हरवला की तो मागून आणून जोडण्यात अर्थ नसतो, कारण तोवर वाक्य पुढे गेलेले असते.

अशाच एका रात्री अतिदक्षता विभागातील सिस्टरने रक्तपेढीस दूरध्वनी करून एका अपघातग्रस्ताचा रक्तगट विचारला. पलीकडून उत्तर आले आणि तिच्या कानी पडले ते एवढेच : "ओ… टिव्ह." तिने पुन्हा विचारले. पुन्हा तेच. मधली अक्षरे बोळाच्या तोंडाशी पडून गेली होती, आणि ‘पॉझिटिव्ह’ व ‘निगेटिव्ह’ हे दोन्ही शब्द शेवटी सारखेच वाजतात हे त्या दिवसापर्यंत आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. ती बाई शहाणी. तिने ऐकीव शब्दावर काडीचाही भरवसा ठेवला नाही आणि वॉर्डबॉयला रस्ता ओलांडून लेखी चिठ्ठी आणावयास पिटाळले. चिठ्ठीवाचून रक्त चढवू नये असा नियमच असल्यामुळे अनर्थ घडला नसताच. पण पिशवी अगोदर काढून ठेवण्यातला जो वेळ वाचावयाचा तो वाचला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हांस जिन्यात भेटली. रागावली नाही. "सर, फोन है तो पूरा बोलना चाहिए ना," एवढेच म्हणाली आणि निघून गेली. रागावली असती तर बरे झाले असते.

यावरचा उपाय शास्त्रात जुना आहे. पाकिटावर शिक्का मारावा, आणि शिक्का पाहून स्विचने कोणास अगोदर सोडावे ते ठरवावे. ही कल्पना संगणकवाल्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढली असेही नाही. ट्रंक कॉलच्या काळात साध्या कॉलच्या पुढे ‘अर्जंट’ आणि त्याच्याही पुढे ‘लाइटनिंग’ जात असे, हे आमच्या वडील पिढीस चांगले आठवेल. लाइटनिंगचे दर ऐकून घरात मृत्यूखेरीज दुसऱ्या कारणाने तो लावण्याची कोणाची छाती होत नसे. इंटरनेटच्या पाकिटांचे नियम १९८१ साली लिहिले गेले तेव्हा त्यांतही अग्रक्रमासाठी तीन बिटांची जागा राखून ठेवलेली होती, आणि तिच्यातील पायऱ्यांना रूटीन, प्रायॉरिटी, इमीजिएट, फ्लॅश अशी अमेरिकी लष्करी तारांची नावे दिलेली होती. पुढे १९९८ साली या तीन बिटांच्या जागी सहा आले, म्हणजे आठ वर्गांचे चौसष्ट झाले. वर्णव्यवस्थेस कंटाळलेल्या माणसाने पाहावे असे हे कोष्टक नव्हे.

पाकिटांची गर्दी आणि त्यांचे ताटकळणे यांचे गणितही त्याहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस असलेल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनींच्या येण्याजाण्यावर निबंध लिहिला, आणि रांगेचे शास्त्र तेथून सुरू झाले असे मानतात. रांगेत उभे राहण्याचा अनुभव आपल्या देशास त्याहून कितीतरी अधिक. शास्त्र मात्र कोपनहेगनात जन्मले.

आता स्विच एकच बोळ अनेक रांगांत कसा वाटून देतो, हे समजण्यास पंगतीसारखा दृष्टांत नाही. आमच्या स्विचला रांगा चार. वाढण्याच्या पद्धती दोन. एक अशी, की पहिल्या पानावरचा मनुष्य ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढप्याने दुसऱ्या पानाकडे पाहावयाचेच नाही. दुसरी अशी, की वाढपी पंगतीतून फिरतच राहील, पण व्याह्यांच्या पानावर चार जिलब्या, घरच्यांच्या पानावर दोन, आणि पंगतीस आयत्या वेळी येऊन बसलेल्यास एक, असे प्रमाण ठेवील. पहिली पद्धत आवाजासाठी योग्य, कारण आवाज थांबू शकत नाही. तोंडापासून कानापर्यंत पोचण्यास सेकंदाच्या दीडशे सहस्रांशांहून अधिक वेळ लागू नये, अशी दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. त्यापलीकडे दोन माणसे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. बाकी सर्वांसाठी दुसरी पद्धत. दाराबाहेर अर्धे पडलेले पाकीट मात्र कोणासाठीही मागे ओढले जात नाही. तेवढ्यापुरते सर्वात तातडीच्या पाकिटासही थांबावे लागते. दहा कोटींच्या वाटेवर हे थांबणे सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाइतके असते, आणि तेवढे सौजन्य कोणासही परवडावे.

इतके ज्ञान पदरी असताना आम्ही पहिल्याच रात्री जे केले ते सांगावयास संकोच वाटतो. अग्रक्रमाची व्यवस्था सुरू करण्याची आज्ञा एका ओळीची होती. ती आम्ही दिली आणि सुखाने घरी गेलो. सकाळी पाहतो तो आवाज पूर्वीहून अधिक तुटत होता आणि आजवर निमूटपणे पोचणारी चित्रेही अडखळू लागली होती. कारण असे, की त्या जातीच्या स्विचला एकदा ‘भेदभाव कर’ म्हटले म्हणजे तो प्रथम साऱ्या जगावर अविश्वास दाखवितो. ज्या दारावर ‘याच्या शिक्क्यावर विश्वास ठेव’ असे आपण मुद्दाम लिहिलेले नाही, त्या दाराने आलेल्या प्रत्येक पाकिटाचा शिक्का तो पुसून शून्य करतो. आमच्या दूरध्वनींनी आपापल्या पाकिटांवर सेहेचाळिसाचा शिक्का, जो आवाजाचा ठरलेला शिक्का आहे, तो इमानाने मारलेला होता. आम्हीच तो चोवीस दारांवर पुसून टाकीत होतो. त्यातच पोटातली थांबण्याची जागा, जी पूर्वी सर्वांची मिळून एक होती, ती चार रांगांत वाटली गेली होती. तीन रांगा जवळजवळ रिकाम्या, आणि चौथीत सारे गाव. व्यवस्था नव्हती तेव्हा जी अडचण होती, तिच्यात व्यवस्थेने केवढी भर घातली!

मग दूरध्वनींच्या दारांवर विश्वास ठेवावयास शिकविले. तेथेही एक गंमत झाली. पाकिटास लिफाफे दोन असतात. बाहेरच्या लिफाफ्यावर दूरध्वनी पाच हा आकडा घालतो आणि आतल्यावर सेहेचाळीस. आम्ही बाहेरच्यावर विश्वास ठेवा म्हणालो. स्विचने आपल्या पोटातील कोष्टक काढले, पाचाला आठाने गुणिले आणि आतल्या लिफाफ्यावर सेहेचाळिसाच्या जागी चाळीस लिहून पाकीट पुढे धाडले. पलीकडच्या इमारतीतील स्विच सेहेचाळिसाची वाट पाहत बसलेला. चाळिसाची त्यास ओळखच नव्हती. कोष्टकातला तो एक आकडा सुधारण्यास अर्धे मिनिट लागले, आणि तो चुकीचा आहे हे कळण्यास चार दिवस.

यंत्राचे असे झाले. माणसांचे याहून अवघड होते. कोणास पुढे सोडावे हे ठरविण्यासाठी विभागप्रमुखांची सभा भरली, आणि आपला विभाग मागे राहिला तरी चालेल असे म्हणणारा एकही प्राणी त्या खोलीत नव्हता. लेखाविभागाचे म्हणणे, बिल निघाल्याशिवाय रुग्ण घरी जात नाही आणि खाट रिकामी होत नाही, सबब बिल प्रथम. औषधभांडाराचेही तसेच काही. परंतु ज्या प्रश्नाने आमची झोप उडविली तो क्ष-किरण विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारला. त्या इंदूरच्याच, होळकरशाहीपासून येथे नांदत आलेल्या एका मराठी घराण्यातल्या. सभेतले सारे हिंदी संपल्यावर त्या आम्हांस मराठीत म्हणाल्या, "अहो, डोक्याला मार लागून आलेल्या माणसाचा स्कॅन माझ्याकडून निघतो. पलीकडे सर्जन तो उघडण्याची वाट बघत असतो. तुमच्या फोनवर कुणी जेवणाचा डबा आला का म्हणून विचारतोय. त्याला पुढे सोडणार आणि माझ्या पेशंटला थांबवणार? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

उत्तर आम्हांपाशी नव्हते. फोनवर डब्याची चौकशीही होते हे खरे, आणि सेहेचाळिसाचा शिक्का डब्यालाही रक्तगटाइतकाच लागतो. पाकिटात काय आहे हे स्विच पाहत नाही, असे आम्ही वर कौतुकाने लिहिले आहे. तोच गुण येथे दोष ठरत होता.

घरी येऊन आम्ही कागद घेऊन बसलो. एका संभाषणाची सेकंदाला पन्नास पाकिटे. प्रत्येकात आवाजाचे एकशे साठ अक्षरांक आणि पत्त्याशिक्क्यांचे चाळीस. बाहेरचा लिफाफा धरून एका बाजूचे बोलणे सेकंदाला सुमारे सत्त्याऐंशी हजार बिट. दोन्ही इमारतींत एका वेळी तीस माणसे बोलत आहेत असे धरले, आणि इतके एका वेळी कधी बोलत नाहीत, तरी सारे मिळून सव्वीस लाख बिट. वाट दहा कोटींची. आता बाईंचा मोठा स्कॅन घ्यावा, पाचशे मेगाबाइटचा. सारी वाट त्याला एकट्याला दिली तर तो चाळीस सेकंदांत जातो. तीस संभाषणांस पुढे जाऊ देऊन उरलेली वाट दिली तर एक्केचाळीस सेकंदांत जातो. तीस माणसांची तोंडे उघडी राहावीत म्हणून चित्राने मोजावयाची किंमत अवघा एक सेकंद. उलट चित्राने वाट दिली नाही तर तिसांतील एकाचेही वाक्य पुरे होत नाही.

हा कागद आम्ही डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला, बेरीज स्वतः करून पाहिली, आणि म्हणाल्या, "एक सेकंद मी देते. पण दुसऱ्या रांगेत माझ्या पुढे कुणी नको." ते आम्ही मान्य केले. आजवर केलेल्या तहांत याहून न्याय्य तह आमच्या हातून झालेला नाही.

याच्या उलट जे झाले तेही सांगितले पाहिजे. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आम्हांस खोलीत बोलावून चहा दिला. चहा आला तेव्हाच आम्ही सावध व्हावयास हवे होते. "आमचा संगणकही जरा पहिल्या रांगेत घाला, म्हणजे अडचण नको," असे साहेब सहज म्हणाले. हे गैर आहे हे आम्हांस पुरते कळत होते. तरीही आम्ही घातला. साहेबांच्या दाराने येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर, त्यात काहीही असो, सेहेचाळिसाचा शिक्का बसू लागला. त्यापुढची चूक याहून मोठी होती : पहिल्या रांगेस किती वाट मिळावी याची मर्यादा आम्ही घातली नव्हती. आवाज मितभाषी असतो म्हणून तिची निकड भासली नव्हती. एके दुपारी साहेब आपल्या कन्येच्या विवाहाची चलच्चित्रे जुन्या इमारतीतील कोठारात ठेवू लागले, आणि दोन तास नव्या इमारतीतून काहीच पलीकडे जाईना. पहिल्या पानावरचा मनुष्य ‘पुरे’ म्हणत नव्हता आणि वाढपी तेथेच उभा होता. स्कॅन अडले, बिले अडली, आणि त्याच रांगेत असल्यामुळे आवाजही तुटला. कारण सापडताच आम्ही साहेबांचे दार साध्या रांगेत आणून बसविले आणि पहिल्या रांगेस दहा टक्क्यांची मर्यादा घातली. साहेबांस कळविण्याचे धैर्य झाले नाही. महिन्याभराने त्यांनीच आम्हांस अडवून सांगितले, की पहिल्या रांगेत गेल्यापासून त्यांचा संगणक फार उत्तम चालतो. आम्ही आभार मानून पुढे गेलो.

आता शेवटच्या रांगेविषयी. बाहेरच्या लिफाफ्यावर शून्यापासून सातापर्यंत आकडे घालता येतात, आणि कोणासही वाटेल की शून्य सर्वात खाली. तसे नाही. ज्यावर कोणी काहीच लिहिले नाही त्या सर्वसामान्य पाकिटाचा आकडा शून्य. पण त्याहूनही खालचा, कोणाची घाई नाही अशा मालाचा एक वर्ग हवा होता, आणि शून्याखाली आकडा उरलेला नव्हता. तेव्हा नियमकर्त्यांनी एक हा आकडा उचलून शून्याच्या खाली नेऊन ठेवला. म्हणजे या हिशेबात एक हा शून्याहून लहान. या एकात आम्ही दोन गोष्टी टाकल्या होत्या : रात्रीच्या दप्तराच्या नकला, आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी फुकट ठेवलेले बिनतारी इंटरनेट. सभेत या दुसऱ्या गोष्टीवर चर्चाच झाली नाही. नातेवाइकांचा कोणी प्रमुख नसतो.

व्यवस्था बसली. स्विच प्रत्येक रांगेत किती पाकिटे टाकून द्यावी लागली याचा आकडा ठेवतो, आणि तो पाहणे हा आमचा रोजचा नेम झाला. पहिल्या रांगेपुढे शून्य. दुसरीपुढे क्वचित काही. चौथीपुढचा आकडा मात्र रोज रात्री वाढे, आणि तो वाढलेला पाहून आम्हांस समाधान वाटे, कारण जे टाकावयाचे तेच टाकले जात आहे याची ती पावती होती. सिस्टर एकदा जिन्यात भेटली तेव्हा "अब पूरा बोलता है," म्हणाली, आणि तो दिवस आम्ही फार आनंदात घालविला.

पुढे एका रात्री तळघराकडे जाताना प्रसूतिकक्षाच्या बाहेर एक प्रौढ बाई दिसल्या. निमाडातल्या असाव्यात असे बोलीवरून वाटले. एका हातावर दुपट्यात गुंडाळलेले मूल, दुसऱ्या हातात उंच धरलेला भ्रमणध्वनी. पलीकडे मुलाचा बाप असावा, कोठेतरी दूर नोकरीवर. बाई पुन्हा पुन्हा विचारीत होत्या, "दिख्यो? अब दिख्यो?" मग हात थोडा उंच करीत, खिडकीशी जात, परत येत. पडद्यावर बापाचा चेहरा अर्धा येऊन थिजलेला होता, तोंड उघडे, एक डोळा चौकोनी तुकड्यांचा झालेला. मूल जागे होते. बाईंना वाटत होते की आपणांस फोन नीट धरता येत नाही. आम्हांस पाहून त्या ओशाळून म्हणाल्या, की हे यंत्र पोरांचे आहे, आपल्याला त्यातले कळत नाही.

त्यात त्यांची चूक काही नव्हती. तो डोळा कोठे पडला ते आम्हांस अगदी नेमके ठाऊक होते. रांग चौथी, आकडा एक, आणि उद्या सकाळी आम्ही समाधानाने जो आकडा वाचणार होतो त्यात तो मोजला जाणार होता.

आम्ही खाली गेलो. नातेवाइकांची वाट एकातून काढून शून्यात, सर्वसामान्यांच्या रांगेत आणून बसविली, आणि एकात केवळ दप्तराच्या नकला ठेविल्या. डॉक्टरीणबाईंची रांग वरची असल्यामुळे त्यांचा तह मोडत नव्हता. तेवढे पाहून घेतले. लेखाविभागाच्या रांगेत मात्र आता गर्दी वाढणार होती. वर येऊन पाहतो तो बाई आत गेलेल्या होत्या. पुन्हा फोन लावला की नाही, कळण्यास मार्ग नव्हता.

स्विचमध्ये केलेला प्रत्येक बदल नोंदवहीत लिहावा लागतो. तारीख, वेळ, बदल, कारण आणि सही असे पाच रकाने आहेत. बदलाच्या रकान्यात जे केले ते लिहिले. कारणाच्या रकान्यापाशी आम्ही बराच वेळ लेखणी धरून बसलो. सभेचा ठराव नव्हता, कोणाचा अर्ज नव्हता, तक्रारसुद्धा नव्हती. शेवटी तो रकाना तसाच कोरा सोडून आम्ही सही केली. वेळ रात्री ९ वाजून ४० मिनिटे.